सिस्टर, तुमच्या पायांबद्दल

सिस्टर, तुमच्या पायांबद्दल आज दुपारी मी तुमच्या लेकीला, प्रणालीला, खरं सांगितलं. तुम्ही नको म्हणाला होतात, माझा हात धरून दोनदा नको म्हणाला होतात. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी तुमचा शब्द मोडला. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी सगळं ऐकून घ्या. तुम्ही होतात तेव्हा मला कधी वाक्य पुरं करू दिलं नाहीत.

चौदा वर्षांपूर्वी भूलतज्ज्ञाची पदवी घेऊन मी नागपूरहून नवऱ्याच्या गावी, बालाघाटला आले, तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या दारात तुम्ही उभ्या होतात. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणालात, "इथून सारे नागपूरले जातात, मॅडम. तुम्ही उलट्या काहून आल्या?" मला राग आला होता. पहिल्या आठवड्यात तर तुमचा रागच राग आला. लालबर्ऱ्याकडचे ते हर्नियाचे म्हातारे आठवतात? मी फॉर्म समोर धरून शिकवल्याप्रमाणे विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का? "नाही जी," म्हणाले. मी औषध सिरिंजमध्ये भरलं. तेवढ्यात तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून विचारलंत, "बाबाजी, पेज केव्हा पेली?" आणि म्हातारा खुशीत म्हणाला, "आत्ताच, निघताना. दोन लोटे."

तांदळाची पेज इकडे कोणी जेवणात धरत नाही. घरातून निघताना माणूस पाणी पितो तशी पेज पितो आणि विसरून जातो. पण पोट भरलेल्या माणसाला भूल दिली की पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं आणि त्याचं काय होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तुम्ही ट्रॉली मागे ढकलली. बाहेर आल्यावर मात्र सोडलं नाहीत. "नागपूरचे लोक पेज पेत नाहीत का वो?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच चहा आणून दिलात आणि म्हणालात, "नाकावर राग ठेवून सुई टोचू नका, मॅडम. हात कापते." त्यानंतर मी प्रत्येक पेशंटला पेजेचं विचारते.

आणि ती तुमची बोट दाबायची पद्धत. कमरेत भूल दिलेल्या प्रत्येक बाईच्या हातात तुम्ही आपलं बोट द्यायच्या. "दाब माय, दाबत राहा." मला ते आधी नुसतं लाड करणं वाटायचं. लांजीची ती पहिलटकरीण होती, तिचं सिझर चालू होतं, मॉनिटरवर सगळे आकडे सरळ होते आणि तुम्ही एकदम म्हणालात, "मॅडम, पकड सुटली." मी वर पाहिलं. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. भूल कमरेवरून छातीपर्यंत, छातीवरून हातांपर्यंत चढली होती. ती पूर्ण जागी होती, सगळं ऐकत होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. तिला झोपवणं, नळी घालणं, पाय वर करणं, रक्तदाबाची औषधं, हे सगळं मी केलं. चाळीस मिनिटं श्वासाचा फुगा दाबत राहिले. पण ती अर्ध्या मिनिटाची आघाडी तुम्ही मला दिली होतीत. मूल रडलं, मग बऱ्याच वेळानं तिनं तुमचं बोट दाबलं, आणि हात धुवायच्या खोलीत तुम्ही स्टुलावर बसून ते बोट चोळत होतात. मी तेव्हा तुम्हाला थँक्यू म्हटलं नाही. माझाच जीव भांड्यात पडायचा होता. आज म्हणते.

आपण दोघींनी चौदा वर्षं त्या बिनखिडकीच्या खोलीत काढली. कोणाला गोळ्यांचं वावडं निघायचं, कोणाचं हृदय मंद व्हायचं, कोणी भुलीतून उठायचंच नाव घ्यायचं नाही. घाम फुटायचा, पण काय करायचं ते ठरलेलं असायचं. एक दार लागलं तर दुसरं उघडायचं. गेल्या वर्षी तुमच्या पोटात दुखायला लागलं, आणि एकेक दार लागत गेलं.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. रिपोर्ट तुम्ही माझ्या आधी वाचलात. ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला होता. मरणाबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, पण दुखणं तुम्हाला वाकवून गेलं. गोळ्या वाढवल्या, त्यांनी उलट्या वाढल्या. मॉर्फिन आणायला नागपूरच्या फेऱ्या. तुम्ही गुडघे पोटाशी घेऊन, खाटेवर एका कुशीला, भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. प्रणाली लालबर्ऱ्याला शाळेत शिकवायला जायची, परत यायची, तुम्ही तशाच. एक दिवस ती हॉस्पिटलात आली आणि मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही साऱ्या गावाचं दुखनं बंद करता. माह्या आईचं काहून नाही?"

उपाय होता. पोटाच्या मागे, मणक्याच्या पुढे नसांचं एक जाळं असतं. पोटातलं दुखणं त्यातूनच वर जातं. पाठीतून दोन लांब सुया घालून तिथं अल्कोहोल सोडलं की ते जाळं मरतं आणि दुखणं थांबतं. नागपूरला असताना मी हे शिकले होते, केलं होतं. मी नागपूरला चला म्हटलं. तुम्ही म्हणालात, "नाही जात. मले अनोळखी थिएटरात नका मारू. करायचं तं आपल्या इथं करा." खरं म्हणजे तुम्हाला काहीच करून घ्यायचं नव्हतं. प्रणालीनं रडून, उपाशी राहून तुमच्याकडून हो म्हणवून घेतलं.

मग संमतीचा कागद. सिस्टर, इथंच मी चुकले आणि इथंच तुम्ही चुकलात. आयुष्यभर तुम्ही त्या कागदांवर हजारो सह्या आणि अंगठे घेतले. "कर न माय सही, काही होत नाही," असं म्हणून घेतले. त्यावरून मी तुमच्याशी किती भांडले होते! लोकांना वाचून दाखवा, त्यांचं शरीर आहे. तुम्ही म्हणायच्या, वाचून दाखवलं की लोक पळून जातात आणि घरी जाऊन मरतात. आणि त्या दिवशी मी तुमच्यासमोर कागद धरला, रक्तदाब पडू शकतो, जुलाब होऊ शकतात इथपर्यंत वाचलं. तुम्ही पेन ओढून घेतलंत. "मले काय वाचून दाखवता, मॅडम? आना इकडं." मला हसू आलं. मी खरंच हसले. पुढची ओळ पायांची होती. क्वचित, अगदी क्वचित, दोन्ही पाय कायमचे जाऊ शकतात. ती ओळ मी वाचली नाही. तुम्ही सही केलीत, खाली तारीखसुद्धा टाकलीत.

सुया जागेवर होत्या. एक्स-रेच्या पडद्यावर मी तीनदा पाहिलं, आधी रंग सोडून पाहिला, तुम्हाला पाय हलवायला लावले, तुम्ही हलवलेत. मग अल्कोहोल सोडलं. तुमचा रक्तदाब पडला, तो पडतोच, आम्ही सलाईन आणि औषधांच्या मागे लागलो. तुमच्या जागी आलेल्या नव्या सिस्टरला मी तुमच्या हातात बोट द्यायला सांगितलं होतं. पकड शेवटपर्यंत घट्ट होती, त्यामुळे आम्ही सगळे निश्चिंत. तासाभरानं तुम्हाला उताणं केलं. तुमच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही लांब श्वास घेतलात आणि म्हणालात, "बंद झालं वो. पुरं बंद झालं." मी टेबलाला टेकून डोळे मिटले. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "पन पाय कुठं गेले माहे?"

अल्कोहोलसोबत दिलेलं बधिर करायचं औषध थोडं पसरलं असेल, चार वाजेपर्यंत उतरेल, असं मी म्हटलं. तुम्हाला म्हटलं, नव्या सिस्टरला म्हटलं, स्वतःला म्हटलं. चार वाजले. पाच वाजले. मी तुमच्या अंगठ्याला टाचणी लावत होते आणि तुम्ही छताकडे बघत होतात. रक्तदाब वर ठेवला, स्टेरॉइड दिलं, नागपूरला माझ्या गुरूंना फोन केला; ते म्हणाले, करण्यासारखं तू केलंस. दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्सनं गोंदियाला एमआरआय. कण्यातल्या मज्जारज्जूला रक्त पोचवणारी नस बंद पडली होती. हे सुई नीट असूनही होतं. मी ते वाक्य स्वतःशी इतक्यांदा म्हटलंय की आता त्याला काही चवच उरली नाही.

येताना ॲम्ब्युलन्समध्ये आपण दोघीच होतो. प्रणाली पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती. मी तुम्हाला सगळं सांगितलं. ती न वाचलेली ओळही सांगितली. मग मी मूर्खासारखं विचारलं, मी ते वाचलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात का?

"नाही. करून घेतलं असतं," तुम्ही म्हणालात. "पन माह्या मनानं करून घेतलं असतं."

यावर माझं तुमच्याशी भांडण राहून गेलं. मला म्हणायचं होतं की पेन तुम्ही ओढलंत. चौदा वर्षं तुम्हीच मला शिकवलंत की वाचून दाखवण्यात अर्थ नाही. हे खरं आहे, सिस्टर, आणि तरी त्याचा मला काडीचा उपयोग नाही. तुम्ही त्या दिवशी सिस्टर नव्हतात, पेशंट होतात. पेशंटनं पेन ओढलं तरी ओळ वाचायची असते.

मग तुम्ही माझा हात धरलात. "प्रणालीले नका सांगू. तिनंच जबरी केलती. पोरगी जलमभर स्वतःले खात राहीन." मग आवाज आणखी खाली आणलात. "अन् तुम्हालेबी कोनी इथं राहू देनार नाही. मंग बाया सिझरसाठी कुठं जातीन?" घरी पोचल्यावर प्रणालीनं विचारलं, पाय काहून नाही हलत? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "बिमारी मनक्यात उतरली, बाई. मॅडम म्हनतात, कधी कधी ताकत वापस येते." मी तसं काही म्हटलं नव्हतं. प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. एवढंच केलं मी. त्या मान हलवण्यातून पुढचे अकरा आठवडे मला बाहेर पडता आलं नाही.

मी रोज संध्याकाळी यायची. लघवीची पिशवी बघायची, पाठीला जखम नाही ना ते बघायची. तुमचं दुखणं परत आलं नाही, हे तेवढं खरं. तुम्ही जेवायला लागलात. एकदा तर वांग्याची भाजी मागितलीत. मी काही बोलायला गेले की म्हणायच्या, "मले कुठं पळायचं हाय, मॅडम?" आणि हसायच्या. एका संध्याकाळी मात्र हसला नाहीत. आलेल्या शेजारणीसमोर तुमची चादर बदलावी लागली होती. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "दुखत होतं तवा म्या निदान उठून जात होती." मी पिशवीकडे बघत राहिले. तुम्ही त्या खाटेत अडकला होतात आणि मी तुमच्या चांगुलपणात. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते, असं मला कितीदा वाटलं! ते वाटणंही स्वार्थीच होतं.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आले होते. वंदना झाली. कटंगीहून तुमचे भाऊ आले होते. प्रणालीनं मला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि माइक हातात घेऊन सगळ्यांना सांगितलं, "बिमारीनं आईचे पाय नेले, पन ह्या मॅडमनं तिले शेवटपर्यंत दुखू नाही दिलं." तुमच्या भावानं मला हात जोडले. मग मला बोलायला उभं केलं. तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी तीन वाक्यं बोलले, पेजेची गोष्ट सांगितली, लोक हसले, रडले. खरं बोलले तर तुम्ही खोट्या ठरत होतात, तेही तुमच्याच माणसांसमोर, तुमच्याच फोटोसमोर. खोटं बोलले तर मी ठरत होते. मी खाली बसले आणि खीर खाऊन घरी आले.

हे असंच चाललं असतं, सिस्टर. मी शूर नाही. आज दुपारी प्रणाली हॉस्पिटलात आली नसती तर मी जन्मभर गप्प बसले असते.

ती तुमची फाइल घेऊन आली होती. चेहरा उतरलेला. समोर बसली आणि फाइल टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, एक गोष्ट सच सांगा. हे बिमारी मायकडून पोरीले येते का?" मी म्हटलं, असं का विचारतेस? तर म्हणाली, "माह्या पायाले मुंग्या येऊन राह्यल्या. आठ दिवस झाले. आईचं बी असंच चालू झालतं का? आधी पोट, मंग पाय?" तिनं शाळेतून रजा घेतली होती. सोमवारी नागपूरला तपासणीला निघाली होती. तुमच्या भावाला सांगून ठेवलं होतं की मला काही झालं तर घराचं बघा.

सव्वीस वर्षांची पोर. खाली वाकून बसून बसून किंवा जागरणानं पायाला मुंग्या आलेल्या, आणि ती तुमच्या खाटेवर स्वतःला झोपलेलं बघत होती. आपण दोघींनी तिला वाचवायला जे रचलं होतं त्यातच ती जाऊन अडकली होती. मी आणखी एक खोटं बोलू शकले असते. ते तोंडावर आलंही होतं. पण मग तिनं नागपूरच्या डॉक्टरला फाइल दाखवली असती.

मी दार लावलं आणि सांगितलं. बिमारी मणक्यात उतरली नव्हती. पाय माझ्या सुईनं गेले. तसं होऊ शकतं हे मला माहीत होतं, तुझ्या आईला मी सांगितलं नव्हतं. तुझ्या आईनं तुझ्यासाठी लपवलं, मी माझ्यासाठी. तुझ्या पायांना तसलं काही नाही. मी हे सगळं एका दमात बोलले, मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

मला वाटलं होतं ती ओरडेल. मामाला फोन लावेल. त्याची मी तयारी केली होती. जबरदस्ती केली म्हणून ती स्वतःला दोष देईल, याची तुम्हाला भीती होती. तिनं दोन्हीपैकी काही केलं नाही. तिनं विचारलं, "मतलब ते वापस येनारच नव्हते?"

"नाही."

"तुम्हाले केव्हा समजलं?"

"दुसऱ्या दिवशी. गोंदियाला."

"अन् आईले?"

"त्याच दिवशी."

ती फाइलच्या दोरीची गाठ सोडत बसली. मग हळूहळू बोलायला लागली. लालबर्ऱ्याची बस सहा वाजता म्हणून ती रोज साडेचारला उठायची. तिळाचं तेल कोमट करायची आणि तुमच्या पायांना तासभर चोळायची. ताकत वापस येते, असं मॅडमनं म्हटलंय म्हणून. हे मला माहीत नव्हतं, सिस्टर. मी संध्याकाळी यायची. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत.

"पयल्या हप्त्यात आई म्हने, काही नाही समजत. मी रडली. मंग दुसऱ्या दिवशी म्हने, हौ वो, अंगठ्याले थोडं समजून राह्यलं. मंग म्हने टाच. एका रविवारी म्हने, आज पोटरीलेबी गरम लागलं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तिले काहीच समजत नव्हतं ना, मॅडम?"

मी म्हटलं, नाही.

तिनं फाइल उचलली आणि उभी राहिली. दारापाशी गेली, कडी काढली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमची खोली तुम्ही पाहिली हाय. खाटेच्या बाजूले एकच मानूस बसू शकते. मी तिच्या पायापाशी बसत होती, तिच्या तोंडाकडं पाठ करून. अकरा हप्ते. तुम्ही सांगतलं असतं तं मी तिच्याकडं तोंड करून बसली असती."